दाबाखालील पाइपचे पहिले मॉडेल

फायनाइट एलिमेंट पद्धतीने, म्हणजे वस्तूचे संगणकावर छोटे भाग (एलिमेंट) पाडून, पाइपमधील ताण काढण्यासाठी आपण थेट बेंडचे, म्हणजे पाइपच्या वळणाचे, मॉडेल हाती घेतले आहे. त्याआधी दोन्ही टोके बंद असलेल्या पाइपचा सरळ तुकडा सोडवून पाहावा, असा माझा आग्रह आहे. आतील व्यास २०० मिमी, जाडी १० मिमी आणि आतील दाब ५ मेगापास्कल असल्यास लामेच्या सूत्रानुसार (जाड भिंतीच्या नळीतील ताणाचे सूत्र) आतल्या पृष्ठभागावरील परिघीय ताण, म्हणजेच हूप स्ट्रेस, सुमारे ५२.६ मेगापास्कल येतो. आपले उत्तर त्याच्याशी जुळेपर्यंत पुढे जाऊ नये.

नवशिक्यांकडून बहुधा या चुका होतात:

- टोक पूर्ण जखडणे: पाइपला फुगायला वाव उरत नाही आणि तिथे वाकण्याचा खोटा ताण दिसतो. एका टोकाला सममितीची अट लावावी, म्हणजे ते टोक फक्त पाइपच्या लांबीच्या दिशेने सरकू देऊ नये.
- बंद टोकावरचा जोर विसरणे: मॉडेलमध्ये झाकण नसते, म्हणून त्यावरील दाबाच्या जोराऐवजी तुकड्याच्या दुसऱ्या टोकाच्या कापलेल्या पृष्ठभागावर २३.८ मेगापास्कलची बाहेरच्या दिशेने ओढ द्यावी.

जाडीत द्विघाती एलिमेंटचे (ज्यांच्या कडांवर मधलाही बिंदू असतो) दोन-तीन थर सध्या पुरेसे आहेत. प्लास्टिसिटीला, म्हणजे धातूच्या कायमस्वरूपी विकृतीच्या गणिताला, तूर्त हात लावू नये.