हे तुला कोणी सांगितलं?

वाचकांचे प्रश्न : या वेळी गावोगावचे वार्ताहर आणि लहान वृत्तपत्रांचे मालक यांची पत्रं

प्रश्न : आदरणीय ताई, आटपाडी तालुक्यातून मी एका दैनिकाला तीन वर्षं बातम्या देते. मानधन नावापुरतं, बाकी जाहिरातींवरचं कमिशन. बातमी कशी लिहायची हे मला कोणी शिकवलेलं नाही, जुने अंक बघून लिहीत गेले. आता दोन दिवसांच्या पत्रकारिता कार्यशाळेचं पत्रक व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. फी साडेतीन हजार, शेवटी प्रमाणपत्र. मूल लहान आहे, त्यामुळे पूर्ण वेळ कोर्स जमणार नाही. पैसे भरू का? माझी छापून आलेली एक बातमीही सोबत पाठवते. — एक वार्ताहर, जि. सांगली

उत्तर : आधी बातमी बघू, फीचं मग.

तुमच्या बातमीचं पहिलं वाक्य असं आहे : ‘येथील ग्रामपंचायतीच्या वतीने आयोजित विविध विकासकामांचा शुभारंभ सरपंचांच्या शुभहस्ते व मान्यवरांच्या प्रमुख उपस्थितीत मोठ्या उत्साहात संपन्न झाला.’ त्याखाली अकरा नावं. शुद्धलेखनाची एकही चूक नाही, आणि ही गोष्ट मी हलकी समजत नाही. पण बातमी संपली तरी काम कोणतं, हे मला कळलं नाही. रस्ता आहे की गटार? किती मीटर? पैसा पंधराव्या वित्त आयोगाचा की आमदार फंडाचा? ठेकेदार कोण, मुदत कधीपर्यंत?

तीच बातमी अशी करता आली असती : ‘शाळेपासून वस्तीपर्यंतचा ४०० मीटर रस्ता काँक्रीटचा होणार असून ग्रामपंचायतीने त्यासाठी १२ लाख रुपये मंजूर केले आहेत. पावसाळ्यापूर्वी काम संपवण्याची अट आहे. या रस्त्याने रोज शाळेत जाणाऱ्या मुलांना सध्या ओढ्यातून वाट काढावी लागते.’ आकडे मी उदाहरणापुरते घातलेत, खरे तुम्ही आणायचे. ग्रामपंचायतीचा वार्षिक विकास आराखडा आणि झालेला खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो, आणि मोबाइलवरही तो उघडतो. तिथे काही अडलं, तर ग्रामसेवकाकडे अंदाजपत्रक मागा. त्यांनी टाळलं, तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. उत्तराची मुदत तीस दिवस. त्याहून सोपी वाट आमच्याकडे फार थोडे वार्ताहर वापरतात. नोव्हेंबर २०१८च्या शासन निर्णयाने जिल्हा पातळीवरची सरकारी कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना कागदपत्रं बघता येतात. फाइल मागायची, बाकावर बसून वाचायची, वहीत उतरवून घ्यायची. एक सोमवार असा घालवा. दोन दिवस व्याख्यानं ऐकून हाती लागणार नाही एवढं त्या दोन तासांत लागेल.

मान्यवरांची नावं आली नाहीत तर जाहिरात जाते, हे मला ठाऊक आहे. कमिशनवर घर चालवणाऱ्या बाईला ‘नावं काढून टाका’ असं मी सांगणार नाही. नावं खाली राहू द्या. पहिली तीन वाक्यं मात्र गावाची असू द्या.

आता कार्यशाळेचं. आयोजकांना फोन करून विचारा, शिकवणाऱ्यांपैकी तालुक्यात बातमीदारी केलेलं कोण आहे? आमची कॉपी, म्हणजे लिहिलेली बातमी, तिथे कुणी समोर बसवून तपासणार आहे का? दोन दिवसांनंतर अडलं तर फोन करता येईल असा माणूस कोण? या प्रश्नांना धड उत्तर मिळालं, तर साडेतीन हजार जास्त नाहीत. उद्घाटन, मनोगत, सत्कार आणि समारोप यांतच अर्धा वेळ जाणार असेल, तर पैसे ठेवा. प्रमाणपत्राने अधिस्वीकृतीपत्रिका, म्हणजे पत्रकाराचं सरकारी ओळखपत्र, मिळत नाही, की डेस्कवरचा उपसंपादक तुमची कॉपी जास्त जपून वाचत नाही.

मी एवढ्या खात्रीने का बोलते, ते सांगते. १९९३ साली मी एका तालुक्याच्या साप्ताहिकात होते. एका वाडीत सातवीतल्या मुलीवर अत्याचार झाला, आणि ती बातमी मी लिहिली. नाव छापायचं नाही एवढं कळत होतं, म्हणून नाव गाळलं. पण वाडीचं नाव लिहिलं, मुलगी सातवीत शिकते हे लिहिलं आणि वडील पिठाची गिरणी चालवतात हेही लिहिलं. त्या वाडीत गिरणी एकच होती. माझी कॉपी संपादकांनी वाचली, कंपोझिटरने जुळवली, प्रूफं दोघांनी पाहिली. एकानेही पेन थांबवलं नाही. अंक निघाल्यावर चार दिवसांनी त्या मुलीची आई कचेरीत आली. घडी घातलेला अंक तिने माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, “नाव तेवढं छापायचं कशाला ठेवलंत?” आणखी काहीही न बोलता ती निघून गेली. त्या मुलीला पुढे मामाकडे धाडलं, शाळा सुटली. हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

आज मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्याच्या कलम २३ने मुलाचं नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंब, शाळा, शेजार, म्हणजे ओळख पटेल असा कोणताही तपशील छापायला मनाई आहे. त्यासाठी प्रकाशकही जबाबदार धरला जातो. अत्याचारित स्त्रीच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. ही दोन कलमं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पण त्या वेळी मला कायद्याआधी हवा होता तो शेजारी बसून ‘गिरणी कशाला लिहिलीस?’ असं विचारणारा माणूस. तुम्हालाही तोच हवा आहे, आणि तो कुठल्याही पत्रकावर छापलेला नसतो. तो आपणच शोधायचा.

आम्ही तो असा शोधला. गेली चौदा वर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी विट्यात एका वाचनालयाच्या खोलीत आम्ही सात-आठ जण जमतो. खानापूर, तासगाव, कडेगाव, जत, वेगवेगळ्या पेपरांचे वार्ताहर. प्रत्येकाने महिन्यातली आपली छापून आलेली एक बातमी आणायची, पण वाचायची दुसऱ्याने. वाक्यागणिक एकच प्रश्न विचारायचा : ‘हे तुला कोणी सांगितलं?’ पहिल्या काही बैठकांत माणसं रुसली. एकजण तर तीन महिने आला नाही. मग बेदाण्याच्या सौद्यांवरची एक मोठी बातमी घेऊन तोच परत आला. आकडे त्याने व्यापाऱ्याच्या तोंडचे न घेता बाजार समितीच्या नोंदींतून उतरवून आणले होते.

एक महिना सोडून आम्ही कुणाला तरी बोलावतो. एकदा निवृत्त तलाठी आले. सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्कां’त काय काय लपलेलं असतं आणि फेरफाराची नोटीस कशी वाचायची, हे त्यांनी तीन तास सांगितलं. त्या तीन तासांतून आमच्यातल्या दोघांना वर्षभर पुरतील एवढ्या बातम्या मिळाल्या. एकदा निवृत्त फौजदार आले. एफआयआर चोवीस तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी दिलेला आहे. लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळलेली आहेत. हे आमच्यापैकी निम्म्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तोवर ते ठाणे अंमलदाराच्या मर्जीवर होते. खर्च म्हणाल तर एसटीचं तिकीट आणि चहा.

आटपाडीहून विटा लांब नाही. मुलाला घेऊन या, वाचनालयामागे अंगण आहे. नाहीतर तुमच्याच तालुक्यात वेगवेगळ्या पेपरांच्या तिघांनी सुरुवात करा. ‘ते आपले स्पर्धक’ असं कुणी म्हणेल. तर ऐका. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या आठवड्यात कोयना धरणातून किती क्युसेक पाणी सोडलं हे पाटणचा वार्ताहर कऱ्हाडच्याला सांगत होता आणि कऱ्हाडचा सांगलीच्याला. तिघांचे पेपर तीन. नदीकाठच्या माणसाला सामान माळ्यावर टाकायला वेळ मिळाला, तो या फोनांमुळेसुद्धा. तशी माणसं ऐन पुरात जोडता येत नाहीत. ती आधीपासून ओळखीची लागतात.

प्रश्न : नातीला पत्रकारितेचं रीतसर शिक्षण घ्यायचं आहे, मराठीतच काम करायचं म्हणते. कुठे पाठवावं? — एक निवृत्त शिक्षक, जि. अकोला

उत्तर : तुम्हाला सगळ्यांत जवळ अमरावती. भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र तिथे आहे, आणि मराठी पत्रकारितेचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रमही आहे. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट, म्हणजे पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग. प्रवेशाच्या तारखा आणि फी त्या त्या संस्थेकडूनच पक्की करून घ्या. एक विनंती, सर. प्रवेश मिळायच्या आधी सुट्टीतले दोन महिने तिला अकोल्यातल्याच एखाद्या पेपरच्या कचेरीत बसू द्या, निदान निधनवार्ता लिहायला. नाव, वय, गाव, अंत्यविधीची वेळ यांत एकही चूक चालत नाही, आणि चुकलं तर दुसऱ्या दिवशी घरची माणसं दारात उभी असतात. ज्यांना निधनवार्ता नेमकी लिहिता येते, त्यांच्या पुढच्या कामाची मला कधी काळजी वाटलेली नाही.

प्रश्न : वडिलांनी चालवलेलं साप्ताहिक दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलं. ११०० प्रती, बहुतेक वर्गणीदार. पानं अजून पेजमेकरमध्ये जुन्या फॉन्टवर लागतात. २०२१च्या पुरात खालच्या फळीवरच्या जुन्या फाइली गेल्या, वरच्या वाचल्या. नवीन कायद्याचं काय करायचं ते कळत नाही. शेजारच्या तालुक्यांतल्या साप्ताहिकवाल्यांशी वडिलांचं कधी जमलं नाही. त्यांच्याकडे मी जावं का? — एक प्रकाशक, चिपळूण

उत्तर : जावं, आणि पुढच्याच आठवड्यात जावं. जाताना वडिलांच्या वेळचा विषय काढू नका. कामाचा कागद घेऊन जा.

पहिला कागद कायद्याचा. १८६७चा जुना कायदा जाऊन नियतकालिकांच्या नोंदणीचा २०२३चा नवा कायदा १ मार्च २०२४पासून लागू झाला. घोषणापत्रासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जायची जुनी पद्धत गेली. नोंदणी, मालकी किंवा पत्त्यातला बदल, वार्षिक विवरणपत्र हे सगळं प्रेस सेवा पोर्टलवर ऑनलाइन होतं. साप्ताहिक वडिलांकडून तुमच्याकडे आलं आहे, म्हणून मालकीची नोंद तुमच्या नावावर झालीय का, हे आज बघा. शेजारच्या तिघांनाही हेच फॉर्म भरायचे असतात. एक दिवस चौघे एका संगणकाभोवती बसलात, तर पुढच्या वर्षी कुणाला एजंट लागणार नाही.

दुसरा कागद जाहिरातीच्या दरांचा. वकिलांच्या जाहीर नोटिसा हे तुम्हा सगळ्यांचं हक्काचं उत्पन्न. पण गिऱ्हाईक एकाचा दर दुसऱ्याला सांगून पाडतं. कॉलम सेंटीमीटरला अमुक दराच्या खाली कुणी जायचं नाही, असं चौघांनी ठरवायला हरकत नाही, असं मला पूर्वी वाटायचं. आता मी तसं सुचवत नाही. दर संगनमताने बांधणं हे स्पर्धा कायद्यात बसत नाही. त्यापेक्षा चार तालुक्यांत मिळून एक एकत्रित जाहिरात घ्या. ट्रॅक्टरचा विक्रेता किंवा रुग्णालय ११०० प्रतींकडे बघत नाही, पण चार साप्ताहिकांत एकदम जाहिरात येणार असेल तर बोलायला बसतं.

फॉन्टचं काम मात्र कुणाची वाट न बघता हाती घ्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर संगणकाला मराठी म्हणून वाचताच येत नाही. वडिलांनी वाशिष्ठीच्या पुरांवर जे लिहिलं ते गूगलला सापडत नाही आणि तुम्हालाही शोधता येत नाही. पुढचा अंक युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला वाचता येईल अशा मराठीत, टंकून घ्या. मागच्या फाइली रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून थोड्या थोड्या काढा. जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडतात, तेवढ्यासाठी शाळेतल्या निवृत्त मराठीच्या बाईंना प्रूफं बघायला बसवा.

पुरातून वाचलेल्या बांधीव फाइलींचं मनावर घ्या. १९५४चा ग्रंथ प्रदान कायदा १९५६पासून वृत्तपत्रांनाही लागू आहे. त्यानुसार अंक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आणि मुंबईच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाकडे जायला हवेत. वडील पाठवत होते का, हे पत्र लिहून विचारा. पाठवत असतील, तर तुमच्या घरात भिजलेली वर्षं तिथे कोरडी असू शकतील. आणि शेजारच्यांकडे जाल तेव्हा एवढं ठरवून या : दर वर्षाची एक बांधीव फाइल तुम्ही त्यांच्याकडे ठेवायची, त्यांची एक तुमच्याकडे, वरच्या फळीवर. हे जूनच्या आत करा.