काठी पेलायची कशी?

प्रश्न : मी बेली डान्स शिकते. आमच्या कार्यक्रमात काठीचं नृत्य आहे. शिक्षिका म्हणतात, ही प्राचीन इजिप्तमधली कला. सोबत शिकणारी मैत्रीण म्हणते, सगळं स्टेजसाठी रचलेलं. खरं कुणाचं? आणि प्रांताप्रमाणे पद्धत बदलते का?

उत्तर : दोघींचंही थोडं थोडं खरं, पण माझं झुकतं माप मैत्रिणीला.

जुना आहे तो पुरुषांचा ‘तहतीब’. दक्षिण इजिप्तच्या सईद भागात, म्हणजे मिन्यापासून लक्सरच्याही खाली, लग्नांत आणि मौलिदच्या, म्हणजे संतांच्या उत्सवांच्या, जत्रांत दोन गडी लांब लाठ्या घेऊन समोरासमोर येतात. प्राचीन चित्रांत हा लाठीचा खेळ दिसतो. २०१६ मध्ये युनेस्कोनं तो वारसा यादीत घेतला. गंमत म्हणजे आज यात मारायचं नसतंच. लाठी सुसाटत येते आणि अंगाला लागायच्या आत थांबते. सगळा रुबाब त्या थांबण्यात.

बायकांचं ‘रक्स अल-असाया’, म्हणजे छडीचं नृत्य, ही याच मर्दुमकीची लाडिक टिंगल. म्हणून छडी हलकी, मुठीला बाक असलेली. ती बोटांवर गरगरते, डोक्यावर, खांद्यावर, कमरेवर तोलली जाते. आज आपण पाहतो त्या रूपाला घडवण्यात महमूद रेडा यांचा वाटा मोठा. हा माणूस मुळात जिमनॅस्ट. १९५९ मध्ये कैरोत त्यांनी नृत्यपथक काढलं, गावोगाव हिंडून नाच पाहिले आणि ते रंगमंचासाठी नव्यानं बांधले. फरीदा फहमी त्यांच्या मुख्य नर्तकी. तुमच्या मैत्रिणीला हे नक्की सांगा, तिला बरं वाटेल.

आता प्रांत. सईदी ढंगात गलाबिया हा पायघोळ झगा, डोक्याला किंवा कमरेला रुमाल, पावलं जमिनीला धरून आणि मधूनच घोड्यासारखी उसळी. कैरोच्या नाइट क्लबात तीच छडी चमकी लावून येते आणि गिरक्याच जास्त होतात. मला त्यातलं बरंचसं कंटाळवाणं वाटतं, पण इजिप्तची नामांकित नर्तकी फिफी अब्दो हिच्या हातात छडी असली की तक्रार संपते. तिचा तोराच तसा. आखाती देशांतल्या ‘अल-अय्याला’ या नाचातही बांबूच्या बारीक काठ्या असतात. तिथे पुरुष समोरासमोर दोन रांगांत उभे राहतात. त्याचा बेली डान्सशी संबंध जोडू नका.

छडीपेक्षा आधी गाणं तपासा. मिझमारची कर्कश सनई हवी, रबाबा हे तंतुवाद्य असेल तर उत्तम आणि ठेका सईदी : दुम तक, दुम दुम तक (‘दुम’ म्हणजे तालवाद्याचा जड ठोका, ‘तक’ म्हणजे हलका). मधले ते दोन लागोपाठ ‘दुम’ ऐकू आले नाहीत तर गाणं बदला. गाण्यात पॉपचा सिंथेसायझर असेल, तर छडी बाजूला ठेवून नाचा.

सरावाला चमकी नसलेली छडी घ्या. चमकीचे तुकडे तळहाताला बोचतात आणि पकड सुटते. शेजारणीला छडी लागणार नाही इतक्या लांब उभ्या राहा.