काचेला विसरू नकोस

रामबाग, इंदूर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

पीएच.डी.ला थिन फिल्म, म्हणजे काचेसारख्या पृष्ठभागावर चढवलेले अतिपातळ थर, हा विषय घेऊ का आणि पुढे त्यात नोकरी मिळेल का, असं विचारलं आहेस. नोकरी मिळते, पण उशिरा. मला कायमची जागा तिशी उलटल्यावर मिळाली. घरी हे आत्ताच बोलून ठेव.

विषयाबद्दल मात्र सविस्तर लिहितो. टायटॅनियम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश पाडून पाण्याचं विघटन करता येतं, हे फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ साली मांडलं. ते वाचूनच मी या वाटेला लागलो. त्याच डायऑक्साइडच्या पहिल्या फिल्म साध्या काचेच्या मायक्रोस्कोप स्लाइडवर काढल्या. स्लाइड सोलमध्ये, म्हणजे टायटॅनियमच्या संयुगापासून बनवलेल्या द्रवात, बुडवायची, एका संथ वेगाने वर ओढायची, वाळवायची आणि ५०० अंशांवर भट्टीत ठेवायची. बाहेर काढून उजेडात तिरपी धरली की निळी-जांभळी झाक दिसे, पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर दिसते तशी. एक्स-रे आलेखात २५.३ अंशांजवळ अ‍ॅनाटेजचं शिखर होतं (हे टायटॅनियम डायऑक्साइडचं हवं ते स्फटिकरूप), जरा बसकं, पण होतं. मी खूश. मग फिल्म मिथिलीन ब्लू या निळ्या रंगाच्या द्रावणात ठेवून अतिनील दिवा लावला (फिल्म क्रियाशील असेल तर हा रंग उडतो), तर संध्याकाळपर्यंत रंग ढिम्म हलला नाही. तोच सोल क्वार्ट्झवर, म्हणजे शुद्ध सिलिकावर, चढवला, भट्टीही तीच, आणि दुपारच्या चहापर्यंत निळा रंग पार फिका पडलेला!

तीन महिने मी सोलला दोष देत होतो. आम्ल बदललं, पाण्याचं प्रमाण बदललं, सोल ज्यापासून बनतो त्या टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइडची नवी बाटली फोडली. दोष काचेत होता. साध्या काचेत सोडियम भरपूर असतो. भट्टीच्या उष्णतेत तो वर फिल्ममध्ये शिरतो, स्फटिक नीट बनू देत नाही आणि फिल्मची क्रियाशीलता मारतो. खाली आधी सिलिकाचा पातळ थर दिला, त्यावर टायटॅनियम डायऑक्साइड, तेव्हा कुठे रंग उडाला.

या क्षेत्रात फिजिक्सची माणसं पुष्कळ आहेत. जाडी मोजणं, आलेख वाचणं त्यांच्याकडून मन लावून शीक. पण बाटलीत, काचेवर, भट्टीत कोण कोणाशी अभिक्रिया करतंय, हे तू विचारायचंस. तू केमिस्ट आहेस, ते सोडू नकोस.

आपल्याकडे जुलैत आयसोप्रोपॉक्साइडची बाटली उघडली की हवेतल्या ओलाव्याने तोंडाशी लगेच पांढरं धरतं. म्हणून वहीत तारखेशेजारी आर्द्रता लिहीत जा. बिघडलेली स्लाइडही फेकू नकोस. पाकिटात घालून वर तारीख टाक. माझा गुंता सुटला तो अशाच पाकिटांमुळे.

इंदूरला राहून हे काम करायला मिळणं भाग्याचं आहे. खंडवा रोडला विद्यापीठांतल्या संशोधकांसाठीच उभारलेलं केंद्र आहे. राजा रामन्ना केंद्रात इंडस-२ आहे, २.५ जीईव्हीचा सिंक्रोट्रॉन, म्हणजे नमुने तपासायला अतिशय प्रखर एक्स-रे देणारं यंत्र. तिथे अर्ज करून वेळ मिळते, मात्र त्याआधी आपल्या प्रयोगशाळेत तोच नमुना तीनदा काढ. तिन्ही सारखे निघाले तरच अर्ज भर.

दिवाळीत घरी ये. माझ्या त्या दोन स्लाइड अजून कपाटात आहेत, एक नुसत्या काचेवरची आणि एक सिलिकावरची. दोन्ही तुझ्या हातात देतो, कोणती कुठली ते ओळखायचा प्रयत्न कर. नुसत्या डोळ्यांनी मला आजही जमत नाही.

तुझा,
सर