वाचकांचे प्रश्न : नळीवरचं नाव खरं की पत्ता?

प्रश्न : आजोबांच्या दुनळीवर ‘स्प्रिंगफील्ड’ असं मोठं कोरलं आहे. खाली बारीक अक्षरांत ‘जे. स्टीव्हन्स आर्म्स कंपनी, चिकोपी फॉल्स’ आहे. अमेरिकी लष्कराच्या कारखान्यातली ही बंदूक आहे का? – एक वाचक, गिरगाव

नाही. स्प्रिंगफील्ड शहरातली लष्कराची आर्मरी (शस्त्रांचा कारखाना) सैन्यासाठी रायफली बनवायची, बाजारात विकायला दुनळ्या नव्हे. तुमच्याकडे आहे ती स्टीव्हन्सची बंदूक. चिकोपी हे मॅसेच्युसेट्समध्ये स्प्रिंगफील्डला लागूनच असलेलं गाव. शेजारच्या नावाचा दबदबा स्टीव्हन्सने स्वस्त मालासाठी वापरला. ‘रिव्हरसाइड आर्म्स’ हेही त्यांचंच व्यापारी नाव. शिवाय मोठ्या अमेरिकी दुकानांच्या छापाचा माल होताच: सिअर्ससाठी ‘रेंजर’, माँटगोमेरी वॉर्डसाठी ‘वेस्टर्न फील्ड’. ही दोन नावं मात्र इतर कारखान्यांच्या बंदुकांवरही दिसतात, म्हणून नुसत्या छापावरून कारखाना ठरवू नका.

काळ सांगतो तो पत्ता. जोशुआ स्टीव्हन्सने १८६४ मध्ये काढलेली ‘जे. स्टीव्हन्स अँड कंपनी’ १८८६ मध्ये ‘जे. स्टीव्हन्स आर्म्स अँड टूल कंपनी’ झाली (‘टूल’ उगीच नव्हतं, कॅलिपर वगैरे हत्यारंही ते बनवत). पहिल्या महायुद्धात न्यू इंग्लंड वेस्टिंगहाउस या कंपनीने झारच्या सैन्याच्या मोसिन-नागांत रायफली बनवण्यासाठी हा कारखाना घेतला आणि १९१६ च्या सुमारास नावातलं ‘टूल’ गळालं. रशियात क्रांती झाली, ते काम बुडालं, आणि १९२० मध्ये सॅव्हेज या दुसऱ्या बंदूक कंपनीने स्टीव्हन्स विकत घेतली. १९६० मध्ये कारखाना वेस्टफील्डला हलला. तुमच्या नळीवर ‘टूल’ नाही आणि पत्ता चिकोपी फॉल्स, म्हणजे तुमची दुनळी साधारण १९१६ ते १९६० मधली.

प्रश्न : स्टीव्हन्स ‘फेव्हरिट’ रायफलीवर ‘पेटंट एप्रिल १७, ९४’ आहे, नंबर सापडत नाही. १८९४ चीच का? – एक वाचक, दादर

ती पेटंटची तारीख. पुढे कित्येक वर्षं तीच कोरली जात होती. ‘आर्म्स अँड टूल’ म्हणजेच ‘ए. अँड टी.’ असेल तर १९१६ च्या आधीची, एवढंच म्हणता येईल. नंबर नसणंही संशयास्पद नाही: अमेरिकेत प्रत्येक बंदुकीवर नंबर टाकायची सक्ती १९६८ च्या कायद्याने आली.

तरी आधी नीट शोधा. बंदूक रिकामी आहे ना, ते दोनदा पाहा. नळीखालचा लाकडी भाग काढा, तेलाच्या बोळ्याने मळ उचला, टॉर्च तिरका धरून भिंगातून बघा. अक्षरं पुसट असतील तर खडूची भुकटी चोळा. पॉलिश पेपर लावलात की पुरावाच गेला. सुटे आकडे पुष्कळदा बंदुकीचे भाग जुळवताना टाकलेले असतात, तो बंदुकीचा नंबर नव्हे. आणि स्वतः नंबर ठोकू नका, आपल्याकडच्या शस्त्र कायद्याचं कलम ८ ओळखचिन्हांशी खेळायला परवानगी देत नाही.

प्रश्न : जुन्या बारा बोअरमध्ये पावणेतीन इंची काडतूस आरामात बसतं. मग अडचण काय? – एक वाचक, विलेपार्ले

बसणं हाच फसवा भाग आहे. काडतुसावर छापलेली लांबी ही बार उडून तोंड उघडल्यानंतरची असते, बंद असताना ते आखूड असतं. त्या काळच्या अनेक अमेरिकी बंदुकांची खोबण (काडतूस बसतं ती जागा) २ ५/८ इंची होती. तिच्यात बार उडाला की तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. खोबण मोजून घ्या, आणि नळीवर नागमोडी नक्षी (दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली जुनी नळी) दिसली तर बारच भरू नका.

बंदूक वारशाने आली असेल तर ती आधी पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा. मुंबईत परवान्याचा अर्ज पोलिस आयुक्तांकडे जातो. आणि परवान्यात मेक (बनवणाऱ्याचं नाव) ‘स्टीव्हन्स’ लिहायला सांगा, ‘स्प्रिंगफील्ड’ नको.