धारेची वेळ हेच घड्याळ

(ही पत्रं आणि उत्तरं 2021 सालच्या कोरोनाकाळातली. तेव्हा शाळा बंद होत्या आणि अभ्यास मोबाइलवरच्या व्हिडिओंतून यायचा.)

प्रश्न : मोबाइल एकच, तो नवरा कामाला नेतो. शाळेचे व्हिडिओ रात्री आठनंतर मिळतात. तोवर भांगलण, धारा, चूल करून मी दमलेली. मुलगा रेंगाळला की हात उठतो, मग रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. (खानापूर तालुका)

ताई, दमलेल्या बाईला रागीट ठरवायची आपल्याकडे सवय आहे. मला ती मान्य नाही. शाळेचं वेळापत्रक घरात आणू नका. तुमच्या घराचं घड्याळ धारेवर चालतं, अभ्यासही त्यालाच बांधा. सकाळचं दूध डेअरीला गेलं की शेतावर जायच्या आधी अर्धा तास पुस्तक, रोज तेवढंच. व्हिडिओ रविवारी. संध्याकाळची एक धार नवऱ्याने काढावी; हे पत्र त्यांनाही वाचायला द्या. हात उठतोय असं वाटलं तर परड्यात जा, घोटभर पाणी प्या. आणि आधी मारलं असेल तर मुलाला सरळ सांगा, "मी दमले होते, मारायला नको होतं." असं सांगितल्याने आईचा मान कमी होत नाही.

प्रश्न : आजोबा कोरोनाने गेले. शेवटचं तोंडही बघता आलं नाही. सहा वर्षांच्या नातीला "आजोबा दवाखान्यात आहेत" असं सांगितलंय. ती पुन्हा अंथरूण ओलं करते. (निपाणी)

आज्जी, तुमचं दुःखही ताजं आहे, तरी खरं सांगा. घरातली कुजबुज मुलांना कळते. "आजोबा वारले, आता परत येणार नाहीत, आणि यात तुझी काही चूक नाही," अशा साध्या शब्दांत सांगा. ती तेच पुन्हा पुन्हा विचारेल. तितक्यांदा तेच उत्तर द्या. तुम्हाला रडू आलं तर तिच्यासमोर रडा. मनावर ताण आला की सुटलेली सवय परतते, म्हणून ओरडू नका, चारचौघांत बोलू नका. निजण्याआधी लघवीला न्या, आणि काही दिवस तिला तुमच्याशेजारी झोपू द्या. लघवीला जळजळ होत असेल, तहान फार लागत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवाच.

प्रश्न : मुलगी दहावीला. परीक्षेच्या धास्तीने जेवत नाही. मी विड्या वळते, मला काही शिकवता येत नाही. (निपाणी)

यंदा, म्हणजे 2021 साली, कोरोनामुळे कर्नाटकातली दहावीची परीक्षा दोनच दिवस आहे, 19 आणि 22 जुलै. गणित, विज्ञान, समाजशास्त्र एका दिवशी, तिन्ही भाषा दुसऱ्या दिवशी. पर्याय निवडायचे प्रश्न. हे तिला माहीत असेलच, पण तुमच्या तोंडून ऐकू द्या. शिकवू नका, नुसतं शेजारी बसून जेवा. आणि तोवर तिला पानं कातरायला बसवू नका.