सोसायटीतील मांजरांची संख्या वाढतच चालली आहे. त्यांना पकडून दूर सोडून यावे का?

नाही, कृपया तसे करू नका. उघड्यावरचे खरकटे कायम असेल तर रिकामी झालेली जागा शेजारची मांजरे लवकरच व्यापतात, आणि परक्या वस्तीत टाकलेले मांजर अनेकदा उपासमारीने किंवा वाहनाखाली मरते. भाटी साधारण 63 ते 65 दिवसांत विते, पिल्ले अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते, आणि तिच्या माद्या पिल्लांना चार-पाच महिन्यांतच गर्भ राहू शकतो. म्हणून मांजरे पकडून त्यांची नसबंदी करणे, रेबीजची लस देणे आणि त्याच जागी परत सोडणे, हाच टिकाऊ मार्ग आहे.

पिंजऱ्यात चिमूटभर सुकट ठेवली की बुजरी भाटीही बहुधा आत शिरते. शस्त्रक्रियेच्या वेळी भुलीतच तिच्या कानाचे टोक सरळ कापतात, त्यामुळे ती लांबूनही ओळखू येते आणि तिला पुन्हा पकडावे लागत नाही.

माणसाळलेल्या पिल्लांना घर जरूर शोधून द्यावे, मात्र नसबंदीची हमी घेऊनच. घरच्या बोक्याचीही नसबंदी करावी. ‘तो तर नर आहे’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात, पण मोकळा फिरणारा तो एकटा बोका गल्लीतल्या कितीतरी भाट्यांना गाभण करू शकतो.