डॉकर डेस्कटॉप काढून कोलिमा टाकल्यावर सर्टिफिकेटची एरर येते, काय करावं?

तुमचा प्रश्न मला असा कळला: मॅकवर डॉकर डेस्कटॉप (कंटेनर, म्हणजे वेगळ्या डब्यात बंद केलेले प्रोग्रॅम, चालवणारं अ‍ॅप) होतं तोवर कंपनीच्या अंतर्गत रजिस्ट्रीतून, म्हणजे इमेजच्या साठ्यातून, इमेज (कंटेनरचे तयार गठ्ठे) बिनबोभाट येत होत्या. त्याच्या जागी कोलिमा (तेच काम टर्मिनलवरून करणारा पर्याय) टाकलं आणि त्याच पुलला, म्हणजे इमेज उतरवण्याला, 'सर्टिफिकेट साइन्ड बाय अननोन ऑथॉरिटी' यायला लागलं. ब्राउझरमध्ये मात्र तीच रजिस्ट्री नीट उघडते.

सर्टिफिकेटला काहीही झालेलं नाही. ते तपासणारं यंत्र बदललंय. डॉकर डेस्कटॉप सुरू होताना मॅकच्या कीचेनमधली (पासवर्ड आणि सर्टिफिकेटांच्या साठ्यातली) तुम्ही विश्वासू ठरवलेली रूट सर्टिफिकेटं, म्हणजे ज्यांच्या भरवशावर बाकीची सर्टिफिकेटं तपासली जातात ती, उचलून स्वतःच्या लिनक्स व्हीएममध्ये (मॅकच्या आत चालणाऱ्या आभासी मशीनमध्ये) नेऊन ठेवतं. हे काम ते गुपचूप करतं, म्हणून ते होत होतं हेच आपल्याला माहीत नसतं. कोलिमाची व्हीएम म्हणजे साधं उबुंटू. तिच्याकडे उबुंटूसोबत आलेली सार्वजनिक रूट सर्टिफिकेटं असतात, तुमच्या कंपनीचं नसतं. पुल करतो तो डॉकर डीमन, म्हणजे मागे सतत चालू असणारा डॉकरचा मुख्य प्रोग्रॅम, आणि तो या व्हीएमच्या आत बसलेला असतो. कीचेनमध्ये काय आहे याच्याशी त्याचा संबंध नाही.

तेव्हा कंपनीचं रूट सर्टिफिकेट कीचेन अ‍ॅक्सेसमधून पेम (साध्या मजकुराच्या) स्वरूपात एक्सपोर्ट करा आणि होम फोल्डरात ठेवा. तुमचं होम फोल्डर कोलिमाच्या व्हीएममध्ये मूळच्याच पाथवर दिसतं, त्यामुळे वेगळी कॉपी पाठवायची गरज नाही. 'कोलिमा एसएसएच' करून आत जा, फाइल /युएसआर/लोकल/शेअर/सीए-सर्टिफिकेट्स/ मध्ये कॉपी करा आणि सुडो लावून 'अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स' चालवा. तो काय छापतो ते वाचा. '१ अ‍ॅडेड' दिसलं पाहिजे. '० अ‍ॅडेड' आलं तर बहुतेक वेळा फाइलच्या नावाशेवटी 'सीआरटी' नसतं, आणि तसं नसेल तर ती फाइल सरळ वगळली जाते. मग 'सिस्टमसीटीएल' वापरून डॉकर सर्व्हिस रीस्टार्ट करा. हे विसरू नका. डीमन गो भाषेत लिहिलेला आहे आणि गो प्रोग्रॅम सिस्टमची रूट यादी एकदाच वाचून तीच धरून बसतो. रीस्टार्ट केलं नाही तर सगळं बरोबर करूनही एरर तशीच राहते.

फक्त या एका रजिस्ट्रीपुरता विश्वास द्यायचा असेल तर व्हीएममध्येच /ईटीसी/डॉकर/सर्ट्स.डी/ खाली रजिस्ट्रीच्या नावाचं फोल्डर करा, पोर्ट वेगळा असेल तर ':५०००' वगैरे सकट, आणि आत 'सीए.सीआरटी' ठेवा. याला रीस्टार्ट लागत नाही. माझी अख्खी दुपार इथेच गेली होती: मी फाइलला 'सीए.सर्ट' असं नाव दिलं होतं. डॉकरच्या लेखी 'सीआरटी' म्हणजे सीए (सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं सर्टिफिकेट) आणि 'सर्ट' म्हणजे क्लायंट सर्टिफिकेट (आपली स्वतःची ओळख पटवणारं), म्हणून तो त्याची खासगी की फाइल मागत बसला. एररमध्ये ते स्पष्ट लिहिलेलं होतं, पण मी पहिली ओळ वाचून थांबलो होतो.

सर्टिफिकेट बसलं की नाही हे पाहायला व्हीएमच्या आतून 'ओपनएसएसएल एस-क्लायंट'ने रजिस्ट्रीला जोडा आणि शेवटी येणारा 'व्हेरिफाय रिटर्न कोड' बघा. आधी तिथे १९ किंवा २० दिसेल, सिस्टमच्या यादीत रूट बसलं की ० दिसतो. मॅकच्या टर्मिनलमधून हे करून उपयोग नाही, कारण ती तपासणी मॅकची होते.

'कोलिमा डिलीट' केलंत की व्हीएमसोबत हे सगळं जातं, तिची सेटिंगची यॅमल फाइलसुद्धा. म्हणून 'कोलिमा टेम्प्लेट' कमांडने नव्या व्हीएमसाठीची यॅमल फाइल उघडा; तिच्यात 'प्रोव्हिजन' विभाग असतो, तिथे मोड 'सिस्टम' ठेवून कॉपी, अपडेट आणि रीस्टार्ट या तीन ओळी लिहून टाका. दर स्टार्टला त्या आपोआप चालतील.

आता पुल चालू झाला तरी बिल्डमध्ये (स्वतःची इमेज बनवताना) एनपीएम किंवा पिप, म्हणजे नोड आणि पायथॉनची पॅकेज उतरवणारी साधनं, याच कारणाने अडकू शकतं. बिल्डमधली कमांड कंटेनरच्या आत चालते आणि कंटेनरची स्वतःची वेगळी यादी असते, व्हीएमची नव्हे. डॉकरफाइलमध्ये (इमेज कशी बनवायची ते लिहिलेल्या फाइलमध्ये) पॅकेज उतरवण्याच्या आधीच सर्टिफिकेट कॉपी करून अपडेट चालवा. नोड आणि पायथॉनची रिक्वेस्ट्स लायब्ररी आपापली यादी बाळगतात. नोडसाठी 'नोड एक्स्ट्रा सीए सर्ट्स' हे व्हेरिएबल आहे, ते असलेल्या यादीत भर घालतं. पायथॉनच्या रिक्वेस्ट्ससाठीचं 'रिक्वेस्ट्स सीए बंडल' मात्र मूळ यादीच बदलतं. त्यात नुसतं कंपनीचं सर्टिफिकेट दिलंत तर बाहेरच्या सगळ्या साइट पडतील, तिथे पूर्ण बंडल द्या.

डॉकरच्या 'इन्सिक्युअर रजिस्ट्रीज' या सेटिंगमध्ये रजिस्ट्रीचं नाव टाका असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. कृपया तो घेऊ नका. एरर जाते ती तपासणीच बंद झाल्यामुळे, आणि मग रजिस्ट्रीच्या जागी दुसरं कोणी इमेज देत असेल तर कळायला मार्ग उरत नाही. वरचं काम फार तर पंधरा मिनिटांचं आहे.

आणि एरर वेगळी असेल, म्हणजे 'सीए.पेम' फाइल सापडत नाही अशी, तर प्रश्न रजिस्ट्रीचा नाहीच. जुन्या सेटअपमधून शेल प्रोफाइलमध्ये 'डॉकर होस्ट', 'डॉकर टीएलएस व्हेरिफाय' आणि 'डॉकर सर्ट पाथ' ही व्हेरिएबल राहून गेलेली असतात. मिनीक्यूब किंवा डॉकर मशीन (डॉकरसाठी व्हीएम उभी करणारी जुनी साधनं) कधी वापरलं असेल तर हमखास. 'डॉकर होस्ट' सेट असेल तर निवडलेला कॉन्टेक्स्ट (कोणत्या डीमनशी बोलायचं ती निवड) बाजूला पडतो आणि क्लायंट, म्हणजे तुमची 'डॉकर' कमांड, २३७६ पोर्टवर कधीच बंद झालेल्या मशीनला शोधत राहतो. प्रोफाइलमधून त्या ओळी काढा, नवीन टर्मिनल उघडा, आणि 'डॉकर कॉन्टेक्स्ट एलएस' केल्यावर चांदणी (*) कोलिमासमोर आहे ना ते बघा.